सॅक पॅनिक आणि प्रवेश अर्जांचे चार दिवस: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जून २०१९. पुण्यातली एक लहान सॉफ्टवेअर कंपनी. काही महाविद्यालयांच्या पदवी प्रथम वर्षाचे प्रवेश अर्ज ऑनलाइन भरून घेण्याचं काम तिच्याकडे होतं. सर्व्हर सांभाळणारे आम्ही तिघं: एक वरिष्ठ, ज्यांना सगळे सर म्हणायचे, दुसरा मी, आणि तिसरी नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी. कंपनी, महाविद्यालयं आणि माणसं यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत.

बारावीचा निकाल लागून गेला होता आणि आमच्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांची अर्जाची मुदत बुधवारी, १९ जूनला संध्याकाळी पाचला संपणार होती. अर्जासोबत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला आणि फोटो अपलोड करायचा. मुलं हे काम बहुतेक मोबाइलवरून करायची, किंवा तालुक्याच्या गावी एखाद्या सायबर कॅफेत बसून. ही गोष्ट आम्हाला माहीत होती, पण ती त्या आठवड्यात निर्णायक ठरेल असं वाटलं नव्हतं.

यंत्रणा साधी होती. बाहेरच्या जगाला दिसणारे दोन लोड बॅलन्सर, म्हणजे आलेली रहदारी आतल्या सर्व्हरमध्ये वाटून देणारी मशीन, त्यांच्यामागे अर्जाचं सॉफ्टवेअर चालवणारे सर्व्हर, त्यांच्यामागे डेटाबेस. सगळीकडे उबुंटू ही लिनक्स प्रणाली: लोड बॅलन्सरवर आवृत्ती १६.०४, आतल्या सर्व्हरवर १८.०४. दोन लोड बॅलन्सरमध्ये एकच फिरता आयपी पत्ता होता. एक पडला तर दुसऱ्याने तो उचलायचा. कागदावर तरी तसं होतं.

समस्या

सोमवारी, १७ जूनला, भारतात रात्र झाली असताना नेटफ्लिक्सने एक सूचना प्रसिद्ध केली. तिथले अभियंते जोनाथन लूनी यांना लिनक्सच्या टीसीपी कोडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून डेटा खात्रीने पोचवणाऱ्या भागात, तीन दोष सापडले होते, फ्रीबीएसडी या दुसऱ्या प्रणालीत आणखी एक. लिनक्सच्या तिन्हींचे, सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतले क्रमांक सीव्हीई-२०१९-११४७७, ११४७८ आणि ११४७९. यातला पहिला सगळ्यात गंभीर, आणि त्यालाच 'सॅक पॅनिक' असं नाव पडलं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल, त्याच्या २.६.२९ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत तो होता. २.६.२९ आलं २००९ साली, म्हणजे दहा वर्षं हा दोष जगभरच्या सर्व्हरमध्ये कुणाच्या लक्षात न येता पडून होता.

पासवर्ड नको, लॉगिन नको. सर्व्हरवर उघडं असलेलं कुठलंही टीसीपी पोर्ट (जोडणीचं दार), त्याच्याशी एक जोडणी, आणि तिच्यावरून विशिष्ट क्रमाने पाठवलेली पॅकेट्स, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे. एवढ्यावर पूर्ण मशीन जागच्या जागी थांबू शकत होतं. माहिती चोरीला जाण्याचा धोका नव्हता, सेवा बंद पडण्याचा होता. पण मुदत संपायला दोन दिवस असताना अर्जाची साइट बंद पडणं म्हणजे काय, हे ज्याने जूनमध्ये महाविद्यालयाच्या खिडकीसमोरची रांग पाहिली आहे त्याला वेगळं सांगायला नको.

हा दोष कसा काम करतो ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर टांगलेले आहेत.

टीसीपीत डेटा तुकड्यातुकड्यांनी जातो. एका तुकड्यात जास्तीत जास्त किती बाइट घ्यायचे हा आकडा, म्हणजे एमएसएस, जोडणी जुळताना दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात. साध्या इथरनेटवर तो १४६० असतो. समोरच्याने फार लहान आकडा सांगितला तर लिनक्स तो ४८ पर्यंत मान्य करत होतं. या ४८ मधले ४० बाइट टीसीपीच्या जादा पर्यायांत जाऊ शकतात. मग खऱ्या डेटाला उरतात ८ बाइट.

आता दुसरी बाजू. पाठवायचा डेटा कर्नल 'सॉकेट बफर' नावाच्या रचनेत ठेवतं. अशा एका बफरमध्ये १७ खण असतात आणि आपल्या नेहमीच्या इंटेल किंवा एएमडी मशीनवर एका खणात ३२ केबीपर्यंत डेटा मावतो. सगळे खण भरले तर ५,५७,०५६ बाइट. हा मोठा गठ्ठा नंतर पुढे नेटवर्क कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर मिळून कापतात, म्हणजे प्रोसेसरवरचा भार हलका होतो. गठ्ठ्याचे किती तुकडे होणार हे कर्नल आधीच मोजून ठेवतं आणि तो आकडा १६ बिटांच्या जागेत लिहितं. १६ बिटांत मोठ्यात मोठा आकडा मावतो ६५,५३५.

भागाकार करून पाहा. ५,५७,०५६ भागिले ८ म्हणजे ६९,६३२. जागेपेक्षा आकडा मोठा झाला.

एरवी गठ्ठे इतके भरत नाहीत. ते भरतात सॅकमुळे. सॅक म्हणजे निवडक पोच, इंटरनेटच्या नियमांच्या 'आरएफसी' मालिकेतल्या २०१८ क्रमांकाच्या दस्तऐवजात १९९६ साली ठरलेली पद्धत. कुठले तुकडे पोचले आणि कुठले मधले हरवले, हे घेणारा पाठवणाऱ्याला नेमकं कळवतो. पोच मिळालेले शेजारशेजारचे बफर लिनक्स एकत्र सारून एक करतं. हल्लेखोराने पोच मुद्दाम अशा क्रमाने दिल्या की एकाच बफरमध्ये सतराही खण काठोकाठ भरतात. मग तुकड्यांचा आकडा उलटून लहान होतो. कर्नलमध्ये तिथेच एक तपासणी आहे: हिशेब अशक्य वाटला तर थांब. ती तपासणी प्रामाणिकपणे आपलं काम करते आणि कर्नल पॅनिक होतं, म्हणजे पूर्ण मशीन थांबतं.

मला या दोषाबद्दल सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. यातला एकही भाग एकटा पाहिला तर चुकीचा वाटत नाही. लहान एमएसएस मान्य करणं, बफर एकत्र करणं, १६ बिटांत मोजणं, शंका आली की थांबणं, प्रत्येकामागे शहाणं कारण होतं.

सोमवारची रात्र: समोरचे पर्याय

रात्री उशिरा आमच्या कनिष्ठ सहकारीने सूचना पाहिली आणि फोन केला. "सर झोपलेत, त्यांना उठवू का?" मी म्हटलं, "उठव." पंधरा मिनिटांत तिघंही फोनवर होतो.

पर्याय चार होते.

पहिला, कर्नलचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, लावून सगळे सर्व्हर रीबूट करायचे. उबुंटूने पॅच त्याच दिवशी दिला होता, त्यामुळे वाट पाहायची गरज नव्हती. अडचण रीबूटची. दोन वर्षांत आमचे लोड बॅलन्सर एकदाही रीबूट झाले नव्हते. फिरता पत्ता खरंच दुसऱ्याकडे जातो का, हे सुरुवातीनंतर कुणी तपासलं नव्हतं.

दुसरा, सॅकच बंद करायचं. कर्नलची एक सेटिंग शून्यावर न्यायची, रीबूट लागत नाही, एका ओळीचं काम.

तिसरा, फायरवॉलला, म्हणजे येणारी रहदारी गाळणाऱ्या भिंतीला, सांगायचं की पाचशेपेक्षा लहान एमएसएस मागणारी नवी जोडणी आत घेऊ नकोस. नेटफ्लिक्सच्या सूचनेत हाही उपाय होता आणि त्याला एक अट जोडलेली होती: कर्नलमधली 'एमटीयू प्रोबिंग' (वाटेवर किती मोठं पॅकेट मावतं ते चाचपणं) ही सोय बंद असली पाहिजे. ती चालू असेल तर जोडणी जुळल्यावरही एमएसएस खाली उतरवता येतो आणि दारावरचा पहारा फुकट जातो.

चौथा, मुदत संपेपर्यंत काहीच करायचं नाही. हा सरांनी मांडला. त्यांचा मुद्दा असा की हल्ल्याची तयार साधनं अजून हिंडत नाहीत, आणि धावपळीत आपणच साइट पाडण्याची शक्यता हल्ल्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा मला तो युक्तिवाद भित्रा वाटला होता. आज वाटतं, त्यात तथ्य होतं, फक्त उत्तर चुकीचं होतं.

पहिला निर्णय

आम्ही दुसरा पर्याय घेतला. कारण सरळ होतं: तो सगळ्यात सोपा, परतवायला सगळ्यात सोपा, आणि तिसऱ्या पर्यायातली अट तपासायला रात्री डोकं ताजं नव्हतं. सव्वाबाराच्या सुमारास सगळ्या सर्व्हरवर सॅक बंद झालं. घरून साइट उघडून पाहिली, अर्ज भरून पाहिला, तीन दाखले अपलोड करून पाहिले. सगळं झटपट झालं. आम्ही झोपलो.

या तपासणीतच चूक होती आणि ती पुढचे अकरा तास कुणाला दिसली नाही. तिघांच्याही घरी फायबरची जोडणी होती. त्या वाटेवर पॅकेट हरवतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि पॅकेट हरवलं नाही तर सॅक असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही.

मंगळवारी सकाळी काय झालं

साडेनऊपासून मदतकेंद्राचे फोन वाजू लागले. गुणपत्रिका वर जात नाही. चाक फिरत राहतं. पुन्हा पहिल्यापासून भरायला सांगतं. आधी वाटलं गर्दी आहे. पण सर्व्हरवर भार कालच्याइतकाच होता. साडेदहाला एका महाविद्यालयाच्या प्राचार्या मॅडमचा फोन थेट सरांना आला. "अहो, माझ्याकडे व्हरांड्यात मुलं बसलीत. जुन्नरहून पहाटेच्या एसटीने आलीत, कारण घरून अर्ज जाईना. तुमच्याकडे काही बदललंय का?"

सरांनी फोन ठेवला आणि आम्हाला तोच प्रश्न विचारला. "काल आपण काय बदललं?"

तोवर आमच्यापैकी कुणीही सॅकचा आणि या फोनचा संबंध जोडला नव्हता. मी तर अर्जाच्या सॉफ्टवेअरचे लॉग चाळत बसलो होतो. संबंध लागला तो लोड बॅलन्सरच्या नोंदींत. एका फाइलला आम्ही साठ सेकंदांची मर्यादा ठेवली होती. ती मर्यादा ओलांडून तुटलेल्या अपलोडची संख्या आदल्या दिवशी मोजकी होती. त्या सकाळी त्या नोंदींनी पानंच्या पानं भरली होती, आणि जवळजवळ सगळे पत्ते मोबाइल कंपन्यांचे होते.

सॅक नसलं की काय होतं ते असं पाहा. मुलीच्या मोबाइलवरून वीस पॅकेट निघाली आणि तिसरं, नववं, चौदावं वाटेत हरवलं. सॅक असेल तर सर्व्हर सांगतो: चार ते आठ आले, दहा ते तेरा आले, पंधरा ते वीस आले. मोबाइलला तिन्ही खड्डे एकदम कळतात आणि तो तिन्ही पॅकेट लगोलग पुन्हा पाठवतो. सॅक नसेल तर सर्व्हर फक्त एवढंच म्हणू शकतो की दोनपर्यंत पोचलं. तिसरं पुन्हा येतं, मग तो म्हणतो आठपर्यंत पोचलं. एकेक खड्डा बुजवायला एकेक पूर्ण फेरी. त्यात परत पाठवलेलं पॅकेटच पुन्हा हरवलं, तर मोबाइल ठरावीक वेळ गप्प बसतो, आणि प्रत्येक वेळी ती वेळ दुप्पट होते. दोन एमबीच्या स्कॅनला साठ सेकंद सहज निघून जातात.

इथे आणखी एक गैरसमज आम्हाला नडला. रात्री आमच्या मनात असं होतं की सॅक बंद केल्याने फार तर सर्व्हरकडून जाणारी पानं थोडी हळू जातील, आणि आमची पानं हलकी होती. पण सॅक वापरायचं की नाही हे जोडणी जुळतानाच ठरतं. सर्व्हरने 'मला सॅक चालतं' असं म्हटलंच नाही तर मोबाइललाही त्याचा फायदा मिळत नाही. फटका बसला अपलोडला, आणि अपलोड हेच तर आमचं मुख्य काम होतं.

भोर, मावळ, जुन्नर. जिथे सिग्नलची एखादीच काडी असते तिथली मुलं अडकली. पुण्यात फायबरवर बसलेल्यांचे अर्ज बिनबोभाट जात होते. आमच्या एका ओळीच्या सेटिंगने नेमकं कुणाला मागे ठेवलं, हे कळल्यावर त्या खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

दुसरा निर्णय

सॅक पुन्हा चालू करायचं, यावर वाद नव्हता. पण लगेच चालू केलं तर दोषाचं दार उघडं. म्हणून आधी तिसरा पर्याय, लहान एमएसएसवर पहारा, आणि मग सॅक.

तेव्हा ती अट आडवी आली. आमच्या लोड बॅलन्सरवर एमटीयू प्रोबिंग चालू होतं. सेटिंगच्या फाइलमध्ये नुसती ओळ, शेजारी कारण नाही, तारीख नाही. ज्याने लिहिली तो दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला होता. बंद करावं तर काय मोडेल माहीत नाही, चालू ठेवावं तर पहारा कुचकामी.

अर्धा तास जुनी तिकिटं शोधण्यात गेला आणि तो अर्धा तास वाया गेला असं मला वाटत नाही. २०१७ चं एक तिकीट सापडलं. एका महाविद्यालयाच्या फायरवॉलने आयसीएमपी संदेश, म्हणजे नेटवर्कवरची अडचण कळवणारे निरोप, सरसकट अडवले होते. 'पॅकेट फार मोठं आहे, लहान कर' हा निरोप सर्व्हरपर्यंत पोचत नव्हता, आणि त्या आवारात आमची पानं अर्धी उघडून लटकत होती. प्रोबिंग चालू केल्यावर सर्व्हर स्वतःच अंदाज घेऊन पॅकेट लहान करायला लागला होता. एका आवारासाठी केलेला उपाय सगळ्या जगासाठी लागू झाला होता.

कारण कळल्यावर मार्ग निघाला. त्या आवाराच्या पत्त्यांकडे जाणाऱ्या वाटेवर पॅकेटचा आकार १४०० बाइटवर बांधून टाकला आणि प्रोबिंग सगळीकडे बंद केलं. तिथल्या संगणक विभागातल्या दादांना फोन करून साइट उघडून पाहायला सांगितलं. उघडली. मग पहारा लावला, मग सॅक चालू केलं. दुपारचा एक वाजला होता. वीस मिनिटांत अपलोड तुटण्याच्या नोंदी नेहमीच्या पातळीवर आल्या.

पण इथेही एक भोक राहिलं. तीनच्या सुमारास आमची कनिष्ठ सहकारी म्हणाली, "दादा, पहारा आयपीव्ही४ लाच लावलाय ना? आपली साइट आयपीव्ही६ वरही आहे." हे इंटरनेट पत्त्यांचे जुना आणि नवा असे दोन प्रकार, आणि लिनक्सच्या फायरवॉलमध्ये दोन्हींचे नियम वेगळे लिहावे लागतात. आम्ही एकच लिहिला होता. आणि जिओचं मोबाइल नेटवर्क तर मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६ वर चालतं, म्हणजे आमच्या रहदारीचा मोठा हिस्सा त्या दारातून येत होता. दोन तास सॅक चालू, दोष उघडा आणि अर्धं दार सताड. तिने विचारलं नसतं तर ते मुदत संपेपर्यंत तसंच राहिलं असतं.

मुदतीचं काय

मंगळवारी दुपारी सरांनी सगळ्या महाविद्यालयांना फोन केले आणि खरं ते सांगितलं: सुरक्षेसाठी रात्री बदल केला, त्याने सकाळी अपलोड अडले, दुपारी एकपासून सुरळीत आहे. कंपनीतून 'तांत्रिक अडचण' एवढंच म्हणावं असा सूर होता. सर त्याला बधले नाहीत. माझ्या मते त्या चार दिवसांतला हा सगळ्यात चांगला निर्णय. कारण नेमकं कळल्यामुळे प्राचार्या मॅडमना आपल्या समितीसमोर मुदतवाढ मागता आली. त्यांनी गुरुवारी दुपारी बारापर्यंत मुदत वाढवली, आणखी दोन महाविद्यालयांनी तसंच केलं. बाकीच्यांनी वाढवली नाही, पण सकाळी तुटलेल्या अर्जांची यादी आमच्याकडून घेतली आणि त्या मुलांना फोन केले.

रीबूट

फायरवॉलचा पहारा ही तात्पुरती सोय होती. खरा इलाज पॅचच. मंगळवारी संध्याकाळी आम्ही पुन्हा पर्यायांकडे पाहिलं तेव्हा सोमवारी रात्री न सुचलेली गोष्ट दिसली. बाहेरच्या जगाची टीसीपी जोडणी लोड बॅलन्सरवरच संपते. तिथून आत जाणारी जोडणी वेगळी, आमच्याच दोन मशीनमधली. म्हणजे बाहेरच्या हल्लेखोराची पॅकेट्स आतल्या सर्व्हरपर्यंत जशीच्या तशी पोचत नाहीत. तातडीने रीबूट करायची होती फक्त दोन मशीन, आणि त्या दोघांची रचना मुळात एकाला सुट्टी देता यावी म्हणूनच होती. सोमवारी आम्ही 'सगळे सर्व्हर' असं म्हणून घाबरलो होतो.

रात्री दोनला सुरुवात केली. आधी राखीव मशीन. पॅच बसवण्याच्या स्वयंचलित यंत्रणेने हिरवी खूण दाखवली. रीबूट केलं, मशीन उठलं, आणि चालू कर्नलची आवृत्ती विचारली तर जुनीच. बूट विभाजन, म्हणजे डिस्कवरचा कर्नल ठेवायचा भाग, जुन्या कर्नलच्या फाइलींनी भरून गेलं होतं. नवं कर्नल अर्धवट बसलं होतं आणि मशीनने निमूटपणे जुनं उचललं. जुनी कर्नल काढली, पुन्हा बसवलं, पुन्हा रीबूट. आता आवृत्ती बरोबर.

मग फिरता पत्ता हलवला. चालू जोडण्या तुटल्या, चार सेकंदांत साइट दुसऱ्या मशीनवरून बोलू लागली. रात्री दोन-अडीचलाही काही मुलं अर्ज भरत होती. त्यांना पान पुन्हा उघडावं लागलं. दुसरं मशीनही पॅच झालं. साडेतीनला दोन्ही लोड बॅलन्सर नव्या कर्नलवर होते.

ज्या गोष्टीला सोमवारी आम्ही सगळ्यात जास्त घाबरलो, ती चार सेकंदांची निघाली. ज्या गोष्टीला निरुपद्रवी समजलो, तिने अर्धा दिवस खाल्ला.

गुरुवारी ओटीपी अडकले

मुदत संपल्यावर गुरुवारी दुपारी आतले सर्व्हरही पॅच केले. संध्याकाळी ओटीपीचे एसएमएस जायचे थांबले. एसएमएस कंपनीशी आमची एक कायमची टीसीपी जोडणी असे. ती तुटलेली दिसत नव्हती, पण तिच्यातून काही पुढेही सरकत नव्हतं. दोन तास आम्ही एसएमएस कंपनीशी भांडलो. ते म्हणत होते आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, आणि ते खरं बोलत होते.

दोष पॅचमध्ये होता. तिन्ही दोषांपैकी दुसरा, ११४७८, असा होता की हल्लेखोर कर्नलला बफरचे असंख्य बारीक तुकडे करायला लावून मेमरी आणि प्रोसेसर खाऊ शकतो. त्यावरच्या दुरुस्तीत मर्यादा घातली: रांगेतली मेमरी जोडणीच्या पाठवण्याच्या बफरपेक्षा फार वाढली तर तुकडे करायला नकार द्यायचा. पण काही सॉफ्टवेअर तो बफर स्वतःहून अगदी लहान ठेवतात. त्यांच्या बाबतीत साधी, प्रामाणिक जोडणीही मर्यादेत अडकते. पॅकेट हरवलं तर ते तुकडे करून पुन्हा पाठवता येत नाही आणि जोडणी गोठते. जगभर अनेकांना हा फटका बसला. गेम खेळणाऱ्यांच्या स्टीमची जोडणी याच कारणाने लिनक्सवर तुटू लागली, आणि त्यामुळे ही गोष्ट लवकर चव्हाट्यावर आली. आमचा एसएमएस जोडणारा प्रोग्रॅम कुणीतरी फार पूर्वी सी भाषेत लिहिला होता आणि त्यात बफर मुद्दाम लहान ठेवला होता.

निदान झालं एका आकड्यावरून. याच दुरुस्तीबरोबर कर्नलमध्ये एक नवी मोजणी आली होती, 'टीसीपी डब्ल्यू क्यू टू बिग' नावाची. तुकडे करायला नकार दिला की ती एकाने वाढते. त्या एका सर्व्हरवर ती वाढत होती, बाकी सगळीकडे शून्य. प्रोग्रॅममधला बफर वाढवला, तो पुन्हा सुरू केला, ओटीपी वाहू लागले. कर्नलमधली मर्यादा नंतर शिथिल झाली आणि उबुंटूने जूनच्या अखेरीस सुधारित पॅच दिला.

निष्पत्ती

आमचा एकही सर्व्हर सॅक पॅनिकने पडला नाही. मंगळवारी सकाळी अपलोड अडलेल्या बहुतेक मुलांचे अर्ज त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण झाले. यादीतली चौदा मुलं मात्र परत आलीच नाहीत. महाविद्यालयांनी त्यांना फोन केले. काहींनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता, काहींचा फोन लागला नाही. ही मुलं आमच्या सेटिंगमुळे सुटली की त्यांचा विचारच बदलला, हे ठरवून मी स्वतःची सुटका करून घेत नाही. यादी माझ्याकडे अजून आहे.

आज वेगळं काय केलं असतं

सोमवारी रात्री पहिला प्रश्न 'काय बंद करू' असा न विचारता 'बाहेरची टीसीपी जोडणी कुठल्या मशीनवर संपते' असा विचारला असता. उत्तर दोन मशीन असं आलं असतं, आणि रीबूट त्याच रात्री झालं असतं. फिरता पत्ता हलवून पाहण्याचा सराव आता आम्ही दर तीन महिन्यांनी करतो, भर दुपारी, सगळे जागे असताना.

नेटवर्कच्या सेटिंगला हात लावला की तपासणी खराब जोडणीवरून करायची. यासाठी खेड्यात जायची गरज नाही. लिनक्समध्येच ठरावीक टक्के पॅकेट मुद्दाम हरवण्याची सोय आहे. दोन टक्के पॅकेट हरवून एक अपलोड करून पाहिला असता तरी सोमवारी रात्री साडेबारालाच सगळं समोर आलं असतं. हे लिहिताना आजही चुटपुट लागते, कारण ते दहा मिनिटांचं काम होतं.

पॅच बसला की नाही याची खूण आता आम्ही बसवणाऱ्या यंत्रणेकडून घेत नाही. प्रत्येक मशीनला तिचं चालू कर्नल विचारतो आणि उत्तर जुळलं तरच काम झालं असं धरतो.

सॅक बंद करण्याच्या निर्णयावर मात्र सरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, आपण ज्या लोकांसाठी काम करतो त्यांच्या वाटेवरची सोय काढून घेणं हा उपाय यादीतच नको होता. मला वाटतं, रात्री बारा ते सकाळी सहा एवढ्यापुरता तो बरोबर होता आणि सहाला उठून मागे घ्यायला हवा होता. त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली: कुठलाही तात्पुरता उपाय लावताना तो कधी काढायचा याची वेळ आणि कुणी काढायचा त्याचं नाव त्याच ओळीशेजारी लिहायचं. एमटीयू प्रोबिंगच्या ओळीशेजारीही आता २०१७ चं कारण लिहिलेलं आहे. त्याच्याखाली त्या महाविद्यालयाच्या संगणक विभागाचा फोन नंबर आहे.